इब्राहीमचाचांचा लांबचा फेरा

इब्राहीमचाचांना वाऱ्याबद्दल काही विचारलं की ते आधी डोक्यावरची टोपी काढायचे. जाळीची पांढरी टोपी. तिची घडी करून ती खिशात ठेवायची, मान थोडी तिरकी करायची, उजव्या कानामागची जागा वाऱ्याला द्यायची आणि डोळे मिटायचे. विचारणारा उभाच. एवढं सगळं झाल्यावर उत्तर यायचं, "आहे." वारा आहे हे विचारणाऱ्यालाही कळत होतं, त्याचा सदरा फडफडत होता. पुढचं काही हवं असेल तर अजून थांबावं लागे, आणि आमच्यापैकी कोणाला तेवढा वेळ नसे. ज्याला वेळ होता तो एक इंग्रज निघाला. त्याच्याकडे येतोच.

मी तेव्हा दुबईच्या देऱ्यात एका शिपिंग एजंटाच्या ऑफिसात कारकून होतो. साठचं दशक होतं. अमिरात वगैरे नाव अजून कोणी ऐकलं नव्हतं. आम्ही दुबई म्हणायचो, आणि गावाकडचे लोक सरसकट अरबस्तान म्हणून मोकळे व्हायचे. खाडीच्या काठाला ऑफिस, मागच्या गल्लीत खोली, खोलीत आम्ही सहाजण, सगळे रत्नागिरी जिल्ह्यातले. मी हर्णैचा, चाचा दाभोळचे. वयाने तेच सगळ्यांत मोठे, पन्नाशीला टेकलेले, म्हणून खिडकीखालची खाट त्यांची. पहाटे खिडकीतून वारा फिरला की ते झोपेतच "हं" म्हणायचे. शेजारच्या खाटेवर याकूब झोपायचा, तो त्यावर काहीतरी पुटपुटायचा. ते इथे लिहिता येणार नाही.

तांडेल हे चाचांचं आडनाव, आणि कामही तेच. गलबत कुठून, कसं, कोणत्या वाऱ्याने न्यायचं हे ठरवणारा तो तांडेल. त्यांच्या घरात हे तीन पिढ्या चाललं होतं. मंगळुरी कौलं भरून बसऱ्याला जायचं, खजूर भरून परत यायचं. मग गलबतांना इंजिनं बसली. इंजिनाला ड्रायव्हर लागतो, तांडेल कशाला? मालकाने मोठ्या मनाने चाचांना त्याच गलबतावर खलाशी म्हणून ठेवायची तयारी दाखवली. चाचा तेव्हा रास अल खैमाच्या धक्क्यावर होते. ते खाली उतरले आणि पुन्हा चढले नाहीत. तिथून उम्म अल कुवैन, मग देरा, असे होड्यांची डागडुजी करत किनाऱ्याकिनाऱ्याने आले आणि शेवटी साहेब लोकांच्या सेलिंग क्लबात नोकरीला लागले.

क्लब म्हणजे खाडीच्या वरच्या अंगाला खजुराच्या झापांची एक लांबट झोपडी, समोर खुर्च्या आणि सात छोट्या शिडाच्या होड्या. एकेका होडीत दोनच माणसं मावत. चाचांचं काम त्या रंगवायचं, भोकं बुजवायचं, शुक्रवारी पाण्यात ढकलायचं आणि साहेब परत आले की ओढून धुवायचं. होड्यांना इंग्रजी नावं होती. चाचांनी ती कधी विचारली नाहीत आणि स्वतःची ठेवली. एक चहाडखोर, कारण ती सतत करकरायची. एक नवरी, कारण ती हलायलाच तयार नसायची. आणि एक लंगडी, जी डावीकडे ओढ घ्यायची. लंगडी त्यांची लाडकी. गोडं पाणी गाढवावरून डब्यांनी यायचं त्या काळात हा माणूस आपल्या वाट्याचं आंघोळीचं पाणी वाचवून लंगडीचं शीड धूत असे. याकूब म्हणायचा, चाचा, शिडापेक्षा तुम्हाला जास्त गरज आहे. चाचा म्हणायचे, "घाई कोणाला आहे?" हे त्यांचं कोणत्याही बोलण्यावरचं उत्तर होतं.

तर तो इंग्रज. मिस्टर पेल. कुठल्याशा कंपनीत जमिनीची मोजणी करायचा, उंच, उन्हाने सोललेला, कमी बोलणारा. एका शुक्रवारी त्याचा जोडीदार तापाने पडला, तेव्हा त्याने चाचांना होडीत घेतलं. होडी नेमकी लंगडी. शर्यत घरगुती होती, कप वगैरे काही नव्हता, म्हणून त्याने गंमत म्हणून सुकाणूची दांडीही त्यांच्या हातात दिली.

इथे जरा समजावून सांगतो, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. वारा समोरून असला की शिडाची होडी त्यात सरळ घुसू शकत नाही. एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने, अशी नागमोडी जाते. प्रत्येक वळणाला दोन रस्ते असतात. होडीचं नाक वाऱ्यातून पलीकडे न्यायचं, हा जवळचा. किंवा वाऱ्याला पाठ देत अख्खा वेढा घालून यायचं, हा लांबचा. साहेबांच्या होडीत जवळच्या वळणासाठी दांडी पुढे ढकलतात आणि लांबच्यासाठी स्वतःकडे ओढतात. ढकलणं आणि ओढणं, एवढंच लक्षात ठेवा. आता आमच्या गलबताचं शीड अवाढव्य, त्याच्या माथ्यावर डोलकाठीपेक्षा लांब तिरकं लाकूड. नाक वाऱ्यात नेलं तर शीड उलटं भरून डोलकाठीवर आदळतं आणि डोलकाठी मोडते. चाचांच्या मामाचं गलबत कच्छच्या बाजूला असंच गेलं होतं, माणसांसकट. त्यामुळे आमच्याकडे सगळे लांबचाच फेरा घेतात. चाचा सात वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांनी त्यांचा हात सुकाणूवर ठेवून, वर स्वतःचा हात दाबून हे शिकवलं होतं.

त्या शुक्रवारी चाचांनी तेच केलं. प्रत्येक वळणाला दांडी ओढली, प्रत्येक वळणाला लंगडीने खाडीत अख्खा वेढा घातला. खुर्च्यांवरचे साहेब आणि मॅडम आधी गोंधळले, मग हसायला लागले, आणि तिसऱ्या वेढ्याला तर कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी काठावर होतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या बाजूचा माणूस, त्यात तांडेल. तरीही सातांत लंगडी चौथी आली. वळणावळणाला मागे पडत होती आणि मधल्या सरळ तुकड्यात सगळ्यांना गाठत होती. हे हसणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही. पेल साहेबाच्या आलं.

होडी काठाला लागल्यावर त्याने विचारलं की मधल्या पट्ट्यात एवढा वेग कसा मिळाला. चाचांनी टोपी काढली, घडी केली, खिशात ठेवली. मान तिरकी, डोळे बंद. पेल साहेब थांबला. मी मनात म्हटलं, आता हा जाईल. तो गेला नाही. बऱ्याच वेळाने चाचांनी डोळे उघडले आणि हिंदी, अरबी आणि चार इंग्रजी शब्द यांची मोळी बांधून सांगितलं की पलीकडची वाळू दुपारी तापली की वारा थोडा उजवीकडे सरकतो, म्हणून मी आधीच उजवीकडे जाऊन बसलो होतो. पेल साहेबाने वही काढून ते लिहून घेतलं. मी चाचांबरोबर दोन वर्षं एका खोलीत राहत होतो आणि मला हे वाक्य कधी ऐकायला मिळालं नव्हतं.

तिथून ती जोडी जमली. क्लबाचा नियम असा की शर्यतीत सुकाणूवर सभासदच हवा, आणि नोकर सभासद होऊ शकत नाही. म्हणून सुकाणू पेल साहेबाकडे, पुढचं शीड चाचांकडे. कधी वळायचं हे चाचा सांगायचे, वळायचं काम साहेबाचं. सरावाच्या दिवशी मात्र साहेब त्यांना दांडी द्यायचा. आणि चाचांनी मनावर घेतलं की साहेबाच्या होडीत साहेबाचं वळण आलं पाहिजे.

ते शिकण्याचा त्रास आम्ही भोगला. चाचा खाटेच्या कडेवर बसायचे, झाडूचा दांडा उजव्या हातात मागे धरायचे आणि ढकलायचे. ढकल, बस. ढकल, बस. दांड्याचं टोक दर खेपेला याकूबच्या बरगडीत जायचं. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, आधी अर्धा तास, रोज. याकूब सोनाराच्या दुकानात दिवसभर उभा राहून आलेला असायचा. तो विचारायचा, चाचा, अजून किती वळणार? चाचा दांडा क्षणभर थांबवून म्हणायचे की हात अजून विसरला नाहीये. आणि पुन्हा ढकल. अशी चार वर्षं. चार वर्षांत खाडीवर त्यांनी एकदाही दांडी ओढली नाही. साहेब म्हणायचा की आता अब्राहम माझ्यापेक्षा चांगला वळतो. साहेब लोक त्यांना अब्राहम म्हणत. चाचा म्हणायचे की इब्राहीम काय, अब्राहम काय, पैगंबर एकच आहे, कोणत्याही नावाने बोलवा.

या चार वर्षांत ते दोघे बरंच फिरले. दर हिवाळ्यात आखातातल्या क्लबांची एक मोठी शर्यत व्हायची, कधी बहारीनला, कधी कुवेतला. होड्या आधी बोटीने जायच्या, माणसं मागून. कराचीहून लोक यायचे, एडनहून यायचे, मुंबईहून दोन पारशी भाऊ यायचे आणि आपसांत भांडत शेवटचे यायचे. चाचांचे सगळे कागद मी भरायचो. धंदा या रकान्यात काय लिहू विचारलं तर म्हणाले, लिही, मदतनीस. पहिल्यांदा विमानात बसून आले तेव्हा आम्ही सगळे भोवती जमलो की सांगा कसं होतं. ते म्हणाले, आवाज फार. एवढंच. शर्यतीत लुंगी चालणार नाही म्हणून क्लबाने त्यांना अर्धी चड्डी दिली होती, ती त्यांनी पायजम्यावरून चढवली. बहारीनला कोणीतरी हरकत घेतली, तेव्हा पेल साहेब म्हणाला की नियमात चड्डी घाला असं आहे, काय काढा ते लिहिलेलं नाही.

बहारीनलाच एका जेवणाच्या वेळी साहेब लोक टेबलांवर बसले आणि चाचांना मागे, तिथल्या होडीवाल्यांच्यात बसवलं. मी असतो तर चिडलो असतो. चाचा खूश होते. तिथला म्हातारा होडीवाला जुना मोती काढणारा निघाला. दोघांनी एका ताटात मासा-भात खाल्ला आणि ओहोटीला पाणी कोणत्या खडकामागून वळतं ते म्हाताऱ्याने भातावर बोट फिरवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी लंगडी त्याच खडकामागून गेली आणि पहिली आली. त्या वर्षी पहिली आली आणि पुढच्या वर्षीही. कप साहेबाला मिळाला. जोडीदाराला चांदीचा मुलामा दिलेली छोटी बशी मिळते. चाचांनी त्यात दाढीचा साबण ठेवला.

क्लबाच्या झोपडीत सागवानाची एक फळी होती. मोठी शर्यत जिंकणाऱ्याचं नाव दर वर्षी तिच्यावर पांढऱ्या रंगाने लिहायचे. सुकाणूवर असेल त्याचंच. ती फळी चाचांनीच रंधा मारून तयार केली होती, तेल चाचाच द्यायचे आणि नावंही तेच रंगवायचे. इंग्रजी येत नव्हतं. मी कागदावर मोठ्या अक्षरांत नाव लिहून द्यायचो आणि ते चित्र काढावं तसं उतरवून घ्यायचे. पेल साहेबाचं नाव त्यांनी असं दोनदा लिहिलं. मी एकदा विचारलं की तुम्हाला काही वाटत नाही का. ते म्हणाले, रंग चांगला बसला की बरं वाटतं. तेव्हा मला ते खरं वाटलं होतं.

मग पेल साहेबाचं इथलं काम संपलं. मार्चमध्ये तो कायमचा जाणार होता, आणि त्या हिवाळ्यात मोठी शर्यत नेमकी दुबईलाच होती. जाता जाता त्याने कमिटीपुढे एकच मागणी ठेवली की या वेळी लंगडीच्या सुकाणूवर अब्राहम बसेल आणि मी पुढे बसेन. कमिटीने बरेच दिवस काथ्याकूट केला. नोकराला सभासद करता येत नव्हतं, आणि दोन वर्षांच्या विजेत्याला नाही म्हणणंही जड जात होतं. शेवटी तोड निघाली. सभासदाला एका दिवसापुरता पाहुणा आणता येतो, आणि त्या दिवशी पाहुण्याला सभासदाचे सगळे हक्क असतात. तशी टाइप केलेली चिठ्ठी घेऊन चाचा ऑफिसात आले. मी ती वाचून दाखवली.

"पाहुणा?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो, एका दिवसाचे.

"मग त्या दिवशी खुर्च्या कोण मांडणार?"

मला वाटलं विषय संपला. ते उठले नाहीत. माझ्या टेबलावरची पेन्सिल त्यांनी सरळ केली, पुन्हा तिरकी केली आणि खाली बघत म्हणाले, "माझं नाव इंग्रजीत कसं दिसतं, लिहून दे जरा."

मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, आय, टिंब, तांडेल. ते कागद लांब धरून बराच वेळ बघत राहिले. बोटांनी रुंदी मोजली. पेल साहेबापेक्षा लांब आहे, म्हणाले. त्या आठवड्यात मी क्लबावर गेलो तेव्हा फळीवर पेल साहेबाच्या नावाखाली पेन्सिलीने एक बारीक रेघ आखलेली होती, बोटांनी मोजली होती तेवढीच. मागे पडलेल्या एका फुटक्या वल्ह्यावर तीच अक्षरं दहा-बारा वेळा गिरवलेली होती, आधीची वाकडी, शेवटची छान. मी पाहिलं हे मी त्यांना कळू दिलं नाही. पण त्या दिवसापासून ते नाव फळीवर यावं असं मलाही त्यांच्याइतकंच वाटायला लागलं. खोटं कशाला बोलू, त्यांच्यापेक्षा जास्तच.

घरच्या पत्रांत चाचा आजवर खुशाल आहे यापलीकडे काही सांगत नसत. त्या आठवड्यात त्यांनी वडिलांना लिहायला सांगितलं की दहा मुलखांच्या होड्या येणार आहेत आणि सुकाणूवर मी आहे. वडील ऐंशीच्या पुढचे, डोळे गेलेले, दाभोळला ओट्यावर बसून खाडीचा वारा ओळखणारे. पत्र गेलं.

शर्यतीच्या सकाळी चाचांनी खुर्च्या मांडल्या, सगळ्या होड्या पाण्यात ढकलल्या, दुपारी जुम्म्याची नमाज पढून आले, चड्डी पायजम्यावर चढवली आणि पाहुणे झाले. देऱ्यातले आमच्या बाजूचे झाडून सगळे काठावर होते. याकूबने दुकानातून सुट्टी काढली होती. सोनाराला त्याने काय कारण सांगितलं कोण जाणे.

सुरुवातीपासून लंगडी पुढे होती. मी शर्यतींचा फार जाणकार नाही, पण चार वर्षं बघून एवढं कळायला लागलं होतं की या माणसाला वारा येण्याआधी दिसतो. प्रत्येक वळणाला दांडी पुढे, नाक वाऱ्यातून पलीकडे, काम खलास. खुणेसाठी पाण्यात सोडलेल्या शेवटच्या लाल पिंपाला वळसा घातला तेव्हा मागची होडी बहारीनची, क्रेन नावाच्या इंग्रजाची, चांगली ऐंशी-नव्वद हात मागे होती. आता समोरून वारा, आणि शेवटच्या रेघेपर्यंत फक्त एक वळण. ती जागा आमच्यापासून इतकी जवळ होती की चाचांची दाढी दिसत होती. कोणीतरी अरबीत यल्ला, यल्ला, म्हणजे चला, चला, ओरडत होतं. मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होतो.

तेवढ्यात शमाल आला. शमाल म्हणजे इथला उत्तरेचा वारा, धूळ घेऊन येतो आणि विचारून येत नाही. समुद्राच्या बाजूने पाणी काळं होत आलं, खुर्च्या उलथल्या, लंगडी एका अंगावर कलली. वळायची वेळ हीच होती. पुढून पेल साहेबाने मागे न बघता हात वर केला.

आणि चाचांनी दांडी ओढली.

"ओढली," याकूब म्हणाला. त्याच्या बरगडीला ती हालचाल ठाऊक होती, त्याच्याइतकी कोणालाच नव्हती.

लंगडीने वाऱ्याला पाठ दिली. शीड या अंगाचं त्या अंगाला असं फाडकन गेलं, खालचा दांडा पेल साहेबाच्या डोक्यावरून गेला, होडी पार कडेवर उभी राहिली. दुसरा कोणी असता तर उलटलाच असता. चाचांनी तिला सावरलं, वेढा पुरा केला आणि रेघेकडे आणली. तोवर क्रेन पलीकडे पोचला होता. लंगडी दुसरी आली.

गर्दी ओसरल्यावर मी क्लबाच्या मागे गेलो. चाचा लुंगी नेसून, डब्यातल्या गोड्या पाण्याने शीड धूत होते. वाईटही वाटत होतं आणि संतापही आला होता. चार वर्षं याकूबच्या बरगड्या फोडल्या त्या कशासाठी? मी विचारलं, काय झालं चाचा? त्यांनी टोपी काढली नाही. उत्तर लगेच आलं.

"हात. चार वर्षं माझं ऐकत होता. घाबरला आणि घरी गेला."

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले आणि क्रेनचं नाव लिहून घेऊन गेले. मी मुद्दाम घाईघाईत लिहिलं. त्यांनी ते परत माझ्यापुढे ठेवलं आणि नीट लिही म्हणाले. फळीवर ती अक्षरं आजवरच्या सगळ्या नावांत सुरेख आली. पेन्सिलीची रेघ आधी खोडली असणार, कारण नंतर मला ती दिसली नाही.

जायच्या आधी पेल साहेबाने कमिटीकडून एक मंजुरी आणली होती. मागच्या दोन विजयांच्या ओळींत त्याच्या नावाशेजारी अब्राहमचंही नाव लिहायचं. तो मला दुभाषा म्हणून घेऊन गेला. मी चाचांना सगळं समजावलं, वर माझ्या पदरचं थोडं घालून आग्रहही केला. ते फळीकडे बघत राहिले.

"जिंकलो तेव्हा सुकाणूवर नव्हतो. सुकाणूवर होतो तेव्हा जिंकलो नाही. मग लिहायचं कुठे?"

मी हे इंग्रजीत सांगितलं. पेल साहेबाने मान हलवली, त्यांचा हात हातात घेतला आणि थोडा वेळ सोडला नाही. मला मात्र दोघांचाही राग आला होता. असली शहाणी माणसं एकत्र आली की बघणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

वडिलांचं पत्र त्यानंतर पंधरा दिवसांनी आलं, गावातल्या मास्तरांच्या अक्षरात. मी मोठ्याने वाचलं. गलबत केवढं आहे, किती खंडी माल घेतं, हे कळवावं. दहा मुलखांची गलबतं म्हणजे तांडेल लोक चांगले असतील, तेव्हा नीट राहावं. आणि काही झालं तरी नाक वाऱ्यात नेऊ नये. मी वाचता वाचता थांबलो. चाचा हसायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना तेव्हाच हसताना पाहिलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि लुंगीच्या टोकाने डोळे पुसत म्हणाले, "लिही, नाही नेलं."

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये जयगडच्या बाजूचं एक इंजिनवालं गलबत खाडीत अडकलं. इंजिनाचा कुठला तरी दांडा तुटला होता, नवा मुंबईहून येईपर्यंत पावसाळा लागला असता, आणि मग चार महिने इथेच. आठ माणसं होती. डोलकाठी होती, घडी घातलेलं मोठं शीडही होतं, पण त्यावर एवढा समुद्र कापलेला एकही जण नव्हता. मालक कागदांसाठी आमच्या ऑफिसात येऊन डोकं धरून बसला. चाचांचं नाव मी सांगितलं. पाठवायची इच्छा होती असं नाही, पण समोरचा माणूस रडकुंडीला आला होता आणि मला दुसरं नाव माहीत नव्हतं. मालक क्लबावर गेला. चाचांनी म्हणे टोपी काढली, डोळे मिटले आणि मग विचारलं, कधी निघायचं?

बंदराच्या परवान्यावर गलबत कोणाच्या हाती आहे याचा एक रकाना असतो. तो मी टाइप केला. आय, टिंब, तांडेल. त्यांनी सही म्हणून अंगठा उठवला आणि ते नाव जरा वेळ वाचलं. हो, वाचलं. तेवढी अक्षरं त्यांना येत होती. दाढीच्या साबणाची बशी त्यांनी याकूबला दिली. पोचल्यावर कळवा म्हटलं, तर इन्शाल्ला म्हणाले.

एका लाँचने गलबत खाडीच्या मुखाबाहेर ओढून सोडलं. मी आणि याकूब समोरच्या वाळूवर जाऊन उभे राहिलो. बाहेर शीड चढलं, भरलं, आणि गलबत तिरकं समुद्रात निघालं. पुरेसं पाणी मिळाल्यावर त्यांना वळून रास अल खैमाच्या दिशेने, आखाताच्या तोंडाकडे जायचं होतं; घरची वाट तीच. आणि आमच्या बघता बघता ते किनाऱ्याकडे तोंड करायला लागलं. अख्खं नाक आमच्यावर रोखलेलं.

"परत येतायत," याकूब म्हणाला.

मी म्हटलं, नाही रे, वळतायत.

माणसं शिडाचं टोक धरून डोलकाठीच्या पुढून पलीकडे धावत होती. मागे सुकाणूपाशी पांढरी टोपी दिसत नव्हती, म्हणजे खिशात होती. वाऱ्याला पाठ देऊन, ऐसपैस पाणी घेत, ते गलबत फिरत राहिलं. लांबचा फेरा होता. तो पुरा होईपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो.